मुहूर्ताचं पहिलं वजन

लक्ष्मी केव्हा केव्हा घराबाहेर पडत नाही, हे मला विचारा. दिवे लागल्यावर पडत नाही. अमावस्येला पडत नाही. शुक्रवारी तर नावच काढू नका. दिवाळीच्या आधी पडत नाही, कारण ती यायची असते. दिवाळीनंतर पडत नाही, कारण ती नुकतीच आलेली असते. आमच्या घरात लक्ष्मीचा फोटोसुद्धा नाही. आम्ही बौद्ध माणसं, भिंतीवर बुद्धाची एक तसबीर आणि माझा बी.एड.च्या वेळचा फोटो, एवढंच. तरी या देवीच्या येण्याजाण्याचं वेळापत्रक मला तोंडपाठ आहे, कारण ते माझ्या मायला एका जिनिंगच्या मालकानं तीन वर्षं ऐकवलं. आणि माझी माय ते ऐकून दरवेळी पिशवी उचलून उठायची.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, बेल्याकडचं; राज्य तेलंगणा, बोली मराठी. माय लहानपणापासून दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायची. बोंडाच्या काट्यांनी तिच्या नखांच्या कडा कायम फाटलेल्या असायच्या, पण वस्तीत तिचं नाव होतं ते स्वयंपाकासाठी. लग्न असो, तेरवी असो, पन्नास माणसांचं असो की पाचशेचं, मोठ्या गंजात भात किती घालायचा आणि चुलीतलं लाकूड कधी ओढायचं, हे तिच्यावर सोडून लोक निवांत बसायचे. हायवेवरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीत, बाहेरून मजूर यायचे. छत्तीसगढ, बिहार, गोंदियाकडची पोरं. त्यांना दोन वेळचं जेवण देणारं कोणी पाहिजे होतं. मालकानं, ज्याला आम्ही सगळे शेठ म्हणायचो, मायला बोलावलं. ताटामागे भाव ठरला, पैसे महिन्याच्या महिन्याला. तोंडी. लेखी कशाला, गावातली माणसं आपण.

तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये मायनं चूल मांडली. खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी तिला ताठ चालताना पाहिलं. कापूस वेचणाऱ्या बाईला वाकायची सवय असते. ती सवय तिची एका हंगामात गेली. हाताखाली वस्तीतल्या दोन बाया, आदिलाबादच्या किराणा दुकानात उधारीचं खातं, तांदळाचे कट्टे टेम्पोनं येतात, आणि दुकानदार म्हणतो, ‘बाई, तुमी नका येऊ, फोन करा.’ घरी आली की हे सगळं दोनदा सांगायची.

शेठ स्वतः दुपारी शेडकडे चक्कर मारायचा. मजुरांसाठी भात-वरण असायचं, पण माय स्वतःसाठी आणि त्या दोघींसाठी ज्वारीच्या भाकरी टाकायची. त्याचा वास त्याला ऑफिसात बसू द्यायचा नाही. ‘बाई, भाकर हाय का? वांग्याची भाजी हाय का?’ उभ्या उभ्या खायचा. हातावर भाकर, भाकरीवर भाजी, वर कच्चं तेल आणि कांदा. घरचं डॉक्टरनं सांगितलेलं फिकं जेवण त्याला जात नव्हतं म्हणे. मी एकदा मायला भेटायला शेडवर गेले होते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं, बोटं चाटत होता. हे मी पुन्हा सांगणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

पहिल्या महिन्याचे पैसे आले. दुसऱ्या महिन्यापासून लक्ष्मीचं सुरू झालं.

माय दिवसभर चुलीपाशी. तिला मोकळीक मिळायची ती संध्याकाळची भांडी झाल्यावर. ऑफिसात गेली की शेठ वर बघून म्हणायचा, ‘बाई, दिवे लागले नं आता. दिवेलागणीले लक्ष्मी भायेर काढत नाई आमी. उद्या या.’ उद्या सकाळी गेली तर बोहनी व्हायची असायची. दुपारी गेली तर तो झोपलेला. मग पुन्हा संध्याकाळ. मी चिडायचे. म्हणायचे, ‘माय, आपल्या घरी दिवे लागल्यावर शेजारीण मीठ मागाले आली तर तू देते नं? मंग त्याचं काऊन ऐकते?’

‘आपलं येगळं वं. त्याचा देव हाय, त्याची भावना हाय. आपून काऊन मोडाची?’

हीच तिची चूक. दुसरी कोणती मी आजही शोधू शकत नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेला धक्का लावू नये, एवढी साधी माणुसकी तिच्यात होती, आणि त्या माणसानं ती बरोबर हेरली. दुसऱ्या कोणाला तो म्हणाला असता ‘पैसे नाहीत’, तर समोरच्यानं भांडण काढलं असतं. देवीचं नाव घेतलं की माझी माय हात जोडून परत फिरायची. आम्हाला ज्या देवळांच्या पायरीवर कोणी उभं केलं नाही, त्या देवळांतल्या देवीची मर्जी माझ्या मायनं सांभाळायची! अन् तेही उपाशीपोटी!

हंगाम संपला. शेठ म्हणाला, पुढचा हंगाम कर, दोन्हीचं मिळूनच देतो. मायनं तोही केला. मी तेव्हा एका प्रायव्हेट शाळेत शिकवत होते. तिथला पगार असा होता की सांगायची लाज वाटावी. मला तिला अडवता आलं नाही. दुसरा हंगाम संपला, मजूर आपापल्या गावी गेले, तरी आणखी वर्षभर लक्ष्मीचंच चाललं, आणि मग शेठनं हात वर केले. ‘कायचे पैसे, बाई? ठेकेदाराले विचारा.’ ठेकेदार म्हणजे मजूर आणणारा. तो केव्हाच निघून गेला होता.

किराणावाल्याचं देणं मात्र कुठे जात नव्हतं. दोन हंगामांचं तांदूळ, तेल, डाळ. तो माणूस चांगला होता, ओरडला नाही, फक्त फोन करायचा. माय त्याला म्हणू शकली असती की शेठनं बुडवलं, मी कुठून देऊ. म्हणाली नाही. माझ्या पगारालाही हात लावू दिला नाही. ‘मी आणलं, मी शिजवलं, मीच फेडीन,’ म्हणाली आणि पुन्हा कमरेला ओटी बांधून कापूस वेचायला गेली. ताठ झालेली पाठ पुन्हा वाकली. तिनं वेचलेला कापूस कोणाच्या गिरणीत जात होता? त्याच्याच. हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

मग आम्ही कोर्टात गेलो. आमच्याच वस्तीतला एक पोरगा वकील झाला होता, त्यानं फी नंतर द्या म्हणून दावा लावला. आदिलाबादच्या कोर्टाच्या आवारात झाडाखाली उभं राहून त्यानं आम्हाला शेठचं उत्तर वाचून दाखवलं. इंग्रजीतून वाचायचा आणि मराठीत सांगायचा. मध्येच थांबला. मी म्हटलं, ‘थांबला काऊन? वाच.’

तो खाली मान घालून म्हणाला, ‘ताई, यानं लिहिलंय की अशी कोणतीही बाई आमच्या गिरणीत स्वयंपाकाले नव्हती. अन् पुढं लिहिलंय, वादीच्या हातचं आमचे कामगार जेवलेच नसते.’

जेवलेच नसते. कळलं ना तुम्हाला? जात लिहायची हिंमत नव्हती, म्हणून असं लिहिलं. कायद्यात सापडायचं नाही आणि लागायचं तिथे बरोबर लागायचं. हा तोच माणूस, बोटं चाटणारा! मी त्या आवारात मोठ्यानं शिव्या दिल्या असत्या, पण मायनं माझा दंड धरला. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पैसे बुडाले तेव्हाही ती अशी झाली नव्हती. रात्री ताटावर बसली आणि म्हणाली, ‘पैसे नाई दिले तं नाई दिले. पण जेवले नाई म्हणते?’

त्या दिवसापासून दाव्यातली रक्कम मागे पडली. तिला पैसे हवेच होते, अंगावर देणं होतं. पण त्याहून तिला हे हवं होतं की त्या माणसानं चार माणसांत म्हणावं, होय, जेवलो.

दावा चालला तसा चालला. तारीख पडली, जज बदलले, तारीख पडली. कोर्टातला कारकून तेलुगूत ‘रेपु’ म्हणायचा, रेपु म्हणजे उद्या. हा शब्द मायला आधीच ओळखीचा वाटायचा, फक्त भाषा बदलली होती. शेवटी गिरणीतला जुना फिटर साक्षीला आला. नोकरी सोडून गेला होता म्हणून येऊ शकला. त्यानं शपथेवर सांगितलं, दोन हंगाम याच बाईच्या हातचं जेवलो. निकाल आमच्या बाजूनं लागला. मूळ रक्कम, व्याज, खर्च, सगळं शेठच्या फर्मनं द्यावं. मी पेढे आणले. माय म्हणाली, आता देईन बापा तो.

काय खुळ्या होतो आम्ही! मला वाटायचं, कोर्टानं सांगितलं म्हणजे झालं. वकिलानं समजावलं की डिक्री म्हणजे नुसता हक्क, वसुली आपणच करायची. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा तारखा. मी विचारलं, ‘म्हणजे कोर्टानं त्याले दे म्हटलं, तरी आमीच त्याच्या मागं धावाचं?’ तो म्हणाला, ‘हो ताई, असंच असते.’ असंच असतं! बुडवणारा गादीवर बसून चहा पिणार, आणि जिंकलेल्या बाईनं त्याच्या मालमत्तेचा माग काढत फिरायचं. ज्यानं हा नियम केला, त्यालाच एकदा दोन हंगाम फुकट स्वयंपाकाला बसवावंसं वाटलं मला.

आणि गंमत पुढेच आहे. डिक्री फर्मवर होती. शेठनं काय करावं? गेटवरची पाटी बदलली. जुन्या फर्मचं नाव काढलं, नव्या कंपनीचं लावलं. कंपनी बायकोच्या नावावर. मशिनी, गोदाम, गाठी, ट्रक, सगळं आता म्हणे बाईसाहेबांचं. जुन्या फर्मच्या बँक खात्यात चहाला पुरतील एवढेच पैसे. कोर्टाचा अमीन, म्हणजे जप्ती करणारा माणूस, एकदा जाऊन आला. शेठचा हिशेब बघणाऱ्या दिवाणजीनं हसत हसत त्याला पाटी दाखवली, पाणी पाजलं आणि परत पाठवलं. शेठ ऑफिसातच बसला होता म्हणे, पण ‘मी इथं नुसता बसाले येतो’ असं म्हणाला. म्हणजे सरकी निघत होती, गाठी बांधल्या जात होत्या, ट्रक हायवेला लागत होते, आणि मालक कोणी नव्हतंच. बसमधून जाताना आम्हाला गिरणीचं आवार दिसायचं. पाटी नवी होती, बाकी तेच.

वकील म्हणाला, आता अवघड आहे. मी तर आशा सोडली. पण माय ऐकून घेत बसली होती. ती हळूच म्हणाली, ‘मुहूर्ताले चला नं मंग.’

आमच्याकडे कापसाची खरेदी सुरू होते त्या दिवशी जिनिंगवाले काटापूजन करतात. गेटातून आत गेलं की जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी काटा असतो. कापसाची गाडी त्याच्यावर चढते, आणि शेजारच्या खोलीच्या माथ्यावर लाल आकड्यांत वजन उमटतं, साऱ्यांना दिसेल असं. मुहूर्ताला काट्याची पूजा होते, मालक त्याच्यावर नारळ फोडतो, आणि पहिल्या गाडीच्या शेतकऱ्याला शेला, नारळ आणि दोन पैसे जास्त भाव देतो. पहिलं वजन शुभ मानतात. मायनं दोन मुहूर्त तिथे राहून पाहिले होते. एका मुहूर्ताला शेठला ताप होता, उभं राहवत नव्हतं. दिवाणजी म्हणाला, मी फोडतो नारळ. शेठनं त्याचा हात झटकला होता. मालकाच्या जागी दुसरा कोणी बसला तर हंगाम बुडतो, अशी त्याची समजूत.

‘त्या दिशी तो दुसऱ्या कोणाले पाटावर बसू देत नाई,’ माय म्हणाली. ‘अन् त्या दिशी तो खोटं बोलत नाई. भेतो.’

तीन वर्षं ती ज्या श्रद्धेपायी परत फिरली होती, ती श्रद्धा कुठे खोटी आणि कुठे खरी, हे तिला चांगलं माहीत झालं होतं. वकिलानं नवा जप्तीचा हुकूम मुहूर्ताच्या दिवसापर्यंत हातात येईल अशी खटपट केली.

मुहूर्ताच्या सकाळी मी शाळेत रजा टाकली. आम्ही दोघी आणि अमीन. अमीन वयस्कर, तेलुगू बोलणारा, आमच्याशी हिंदीत बोलायचा. गिरणीच्या गेटाबाहेर हायवेपर्यंत टेम्पो आणि बैलगाड्या लागल्या होत्या. आंब्याच्या पानांचं तोरण, मांडव, भटजी, फोटो काढायला एक पत्रकारही आलेला. काट्यावर हळदकुंकू, झेंडूचे हार. पाटावर कोण बसलं होतं? शेठ. नवं धोतर, कपाळावर गंध. बाईसाहेब, ज्यांच्या नावावर सगळं होतं, त्या बाजूला उभ्या राहून अगरबत्ती धरत होत्या.

अमीन घाईत नव्हता. पूजा संपू दिली. शेठनं नारळ फोडला, पाणी काट्यावर शिंपडलं, हात जोडले. मग अमीन पुढे गेला आणि अगदी साध्या सुरात विचारलं, ‘सेठजी, ये काटा किसका है?’

‘किसका मतलब?’ शेठ हसला. सगळे ऐकत होते, भटजी उभा होता, नारळाची कवटी हातात होती. ‘मेरा है. और किसका?’

‘और ये मिल?’

‘अरे, मेरी है भाई. तुम कौन?’

पाटी बायकोच्या नावाची असो, मालक कोण हे त्यानं आता स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. अमीननं मागच्या दोन शेतकऱ्यांना पंच म्हणून पुढे बोलावलं आणि खिशातून हुकूम काढला. एक तर पैसे भरा, नाहीतर काट्याचं यंत्र सील होईल आणि कोर्टात जमा होईल. शेठचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. मग त्याची नजर मायवर पडली. त्यानं दिवाणजीला खूण केली. दिवाणजीनं रांगेतल्या पहिल्या टेम्पोला हात दाखवला, चढव, चढव. एकदा खरेदी सुरू झाली की शेतकऱ्यांच्या गर्दीत अमीनला कोण विचारणार होतं!

टेम्पो सुरू झाला. आणि माझी माय चालत गेली आणि काट्याच्या मधोमध जाऊन बसली. मांडी घालून. हारांच्या मध्ये. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. वर लाल आकडे हलले आणि थांबले. पन्नास. मोठ्या काट्याला दहा-दहा किलोच कळतात, म्हणून पन्नास. साऱ्या गेटाला दिसत होते.

मग सगळेच बोलायला लागले. शेतकरी ओरडले, कोण ही बाई, उठवा हिला. भटजी म्हणाला, अवो, पूजा झालेला काटा हाय तो. कोणीतरी मागून वाईट शब्द वापरला. मी वळून म्हटलं, ‘कोण बोलला बे तो? पुढं ये!’ मी शिक्षिका आहे, माझ्या तोंडी हे शोभत नाही, माहीत आहे. त्या दिवशी मला शोभा नको होती.

शेठ मायजवळ आला. आवाज एकदम गोड. ‘बाई, आज मुहूर्त हाय. आज लक्ष्मी घरात येते. आजच्या दिशी भायेर काढत नाई. तुमाले तं माहीत हाय. उद्या या, तुमचा निकाल लावून टाकतो.’

हे शब्द ऐकले की माझी माय उठायची. तीन वर्षं उठली होती. मी तिच्या हातांकडे पाहत होते, पिशवीकडे जातात का. गेले नाहीत.

‘आज मी उठत नाई,’ ती म्हणाली.

पहिल्या टेम्पोचा शेतकरी खाली उतरला. म्हातारा, बेल्याकडचाच, माय त्याच्या शेतात कापूस वेचायला गेलेली. त्यानं विचारलं, ‘काय झालं व बाई?’ मायनं थोडक्यात सांगितलं. मजुरांचं जेवण, दोन हंगाम, कोर्ट. म्हातारा शेठकडे वळून म्हणाला, ‘जेवणाचे पैसे बुडवते का गा? माया कापसाचे बी असेच बुडवशीन मंग.’ हे मागच्या रांगेला ऐकू गेलं. मघाशी मायवर ओरडणारे आता शेठवर ओरडू लागले. ते तिच्या बाजूनं नव्हते हो, माझा तसा गैरसमज नाही. प्रत्येकाला आपल्या कापसाची पडली होती. पण ओरडले.

मग दिवाणजीनं शेठच्या कानात काहीतरी सांगितलं. शेठचा चेहरा उजळला. त्यानं पूजेचं ताट मागवलं. ताटात नारळ, खण, आणि पहिल्या दिवशीच्या खरेदीसाठी आणलेल्या नोटांची बंडलं. पत्रकाराला पुढे बोलावलं. आणि मोठ्यानं म्हणाला, ‘आज शुभ दिवस. देणं देत नाई, पण दान देता येते. या गरीब बाईले आमच्या गिरणीतर्फे मदत.’

दान! मदत! तुम्हीच सांगा, माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो? ज्या बाईचं तो देणं लागत होता, तिलाच तो भिकारीण करून फोटो काढणार होता. लक्ष्मीही घरात राहिली, पुण्यही लागलं, पेपरात नावही आलं. आणि उद्या म्हणायला मोकळा, मी कुठे काही देणं लागत होतो? ते ताट मी उधळून लावलं असतं, अमीन मध्ये उभा होता म्हणून वाचलं.

मायनं ताटाकडे पाहिलंच नाही. ‘दान नोको,’ ती म्हणाली. ‘मी मागाले नाई आली. मी भात शिजवला, त्याचे पैसे द्या. अन् माया हाती नोको, या सायबाच्या हाती द्या. कोर्टात भरू द्या.’

‘एकच हाय नं, बाई.’

‘एक नाई.’

अमीननं घड्याळात पाहिलं आणि सीलचं सामान काढलं. मागून हॉर्न वाजायला लागले. दोन टेम्पो रांगेतून निघून दुसऱ्या जिनिंगकडे वळले, आणि ते पाहिलं तेव्हा कुठे शेठ खरा घाबरला. त्यानं नारळ आणि खण बाजूला केले. बंडलं उचलली आणि अमीनच्या हातात दिली. अमीननं काटाघराच्या पायरीवर बसून सगळं मोजलं, पावती लिहिली, पंचांच्या सह्या घेतल्या. हे चालू होतं तोपर्यंत माय तशीच बसून. वर लाल आकडे, पन्नास.

‘आता उठा,’ शेठ म्हणाला.

‘एक सांगा,’ माय म्हणाली. ‘कोर्टात लिवलं होतं, माया हातचं कोणी जेवलंच नसतं. जेवले का नाई?’

शेठनं इकडेतिकडे पाहिलं. ‘झालं नं आता. दिले नं पैसे.’

‘पैसे कोर्टानं देववले. तुमी सांगा. जेवले का नाई?’

‘जेवले,’ तो पुटपुटला. ‘मजूर जेवले.’

‘अन् तुमी?’

हॉर्न वाजतच होते. म्हाताऱ्या शेतकऱ्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, ‘अबे सांगून टाक नं, जेवला का नाई ते!’ मुहूर्ताचा दिवस, पूजा झालेला काटा, समोर भटजी. तो माणूस खोटं बोलला नाही. भ्याला. ‘मी बी जेवलो,’ म्हणाला.

माय गुडघ्यावर हात ठेवून उठली. खाली उतरली, लाल आकडे शून्यावर गेले. म्हातारा म्हणाला, पहिलं वजन तं हिचंच झालं, मान हिचा. कोणी हसलं नाही आणि कोणी मानही दिला नाही. आम्ही गेटाबाहेर येऊन बसची वाट पाहत उभ्या राहिलो. मायनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, घटाघटा प्याली आणि मग उरलेलं मला दिलं.

पैसे कोर्टात जमा झाले. तिथून आमच्या हाती यायला आणखी एक अर्ज आणि बऱ्याच चकरा लागल्या, ते रडगाणं वेगळं. किराणावाल्याचं उरलेलं देणं मायनं पैसे हाती आले त्याच दिवशी फेडलं.

पण मला सांगायचं आहे ते मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवसाचं. शाळेतून घरी आले तर वस्तीत बातमी आधीच पोचलेली होती. शेठनं मुहूर्त पुन्हा केला. भटजी पुन्हा आला. गोमूत्र आणि दूध टाकून काटा धुतला. एकदा नाही, दोनदा. माझी माय बसली होती, तेवढी जागा जास्त घासून. मी ते ऐकलं आणि माझा तोल गेला. म्हटलं, आताच्या आता पोलिसात जाते, अर्ज देते, सोडत नाही त्याला. चप्पल घालून दारापर्यंत गेले. रडत होते की ओरडत होते, मलाच कळत नव्हतं.

माय चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

‘कायले तरास करून घेते? काटा धुतला नं? धुऊ दे,’ ती म्हणाली. ‘पोट कसा धुईन तो?’